आधी तारीख लिही: सीमाभागातल्या पत्रकार मुलींसाठी लैंगिक छळाच्या तक्रारीची वाट

माझ्या कपाटात एक जुनी कन्नड प्रेसनोट आहे. पाणीपुरवठ्याच्या कुठल्याशा बैठकीची. तिच्या कोऱ्या पाठीवर मी बॉलपेनने लिहिलंय: ‘१२ जाने. २००७, रात्री ११.२०. पान तीन लावत होते. खुर्चीच्या पाठीवरचा हात खांद्यावर आला, तिथून खाली. म्हणाले, पान बघतोय. डीटीपीचा मुलगा चहाला खाली गेला होता.’

तक्रार मी केली नाही. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, “जाऊ दे की गं. आपला पेपर मराठीचा. उद्या बाहेर कळलं तर त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळणार.” मला ते पटलं. सव्वीस वर्षांची होते, सीमाप्रश्नाच्या बातम्या करत होते, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालत होते. आपल्या माणसांची अब्रू माझ्या गप्प बसण्यावर टिकून आहे असं मला खरंच वाटलं. आज मी छाती ठोकून सांगते, ते खोटं होतं. मराठीची अब्रू त्या रात्री त्या माणसाने घालवली, मी नाही. ‘विशाखा’ निकाल १९९७ सालचा. राजस्थानातल्या भटेरी गावच्या साथिन, म्हणजे सरकारी महिला विकास योजनेच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, भंवरीदेवींवर १९९२ साली झालेल्या अत्याचारानंतर हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि कामाच्या ठिकाणच्या छळासाठी प्रत्येक संस्थेत तक्रार समिती हवी असं न्यायालयाने सांगितलं. त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती आणि बातम्या छापणाऱ्या आमच्या ऑफिसात ते एकाही मुलीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मराठी दैनिकं, केबल वाहिन्या, यूट्यूब चॅनेलं यांत काम करणाऱ्या, माझ्या निम्म्या वयाच्या मुलींसाठी. त्यामुळे ‘तू’ म्हणते.

हा छळच आहे का?

यावर फार वेळ घालवू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, पाच गोष्टी मोजतो: नको असलेला स्पर्श किंवा अंगचटीला येणं, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक रंगाचे शेरे, अश्लील चित्र-व्हिडिओ दाखवणं, आणि शब्दाने, नजरेने, हावभावाने केलेलं असलं कुठलंही नकोसं वागणं. आपल्या धंद्यातली उदाहरणं तुला माझ्याइतकीच ठाऊक आहेत. ‘बायलाइन पाहिजे तर जरा जवळ बसून बातमी समजावून सांग.’ रात्री साडेअकराला ‘झोपलीस का’ असा मेसेज. मुलाखत ऑफिसात नको, विश्रामगृहावर ये, असा निरोप. त्याचा हेतू काय होता हे सिद्ध करायला बसू नकोस. तुला ते नको होतं, हा मुद्दा आहे.

‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. कामानिमित्त तू जिथे जातेस ते सगळं त्यात येतं: हिवाळी अधिवेशनाच्या वेळचं सुवर्णसौध म्हणजे बेळगावचं विधानभवन, पत्रकार परिषदेचं हॉटेल, मोर्चाचा रस्ता, ऑफिसने दिलेली गाडी.

मी तर नुसती वार्ताहर आहे

इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडच्या बहुतेक मुली इथेच माघार घेतात. तालुक्याच्या वार्ताहराला नेमणूकपत्र नसतं. मानधन कॉलमच्या हिशेबाने, कधी तेही नाही, उलट दिवाळी पुरवणीच्या जाहिराती तिनेच गोळा करून द्यायच्या. मग मालक सहज म्हणतो, ‘ती आमची कर्मचारी नाहीच.’

कायदा तसं म्हणत नाही. कायमची, हंगामी, रोजंदारीची, ठेकेदारामार्फत घेतलेली, शिकाऊ, मानधनाविना काम करणारी, सगळ्या त्यात धरल्या आहेत. नेमणुकीच्या अटी कागदावर नसल्या आणि वागण्यातून कळत असल्या तरी चालतं. पत्रकारितेच्या कोर्समधून महिनाभर आलेली इंटर्नही त्यात येते.

पण तू तिथे काम करतेस याचा पुरावा तुझ्या हातात हवा, आणि तो भांडण सुरू व्हायच्या आधी गोळा करायचा. प्रेसकार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो. नावासह किंवा ‘खानापूर वार्ताहर’ म्हणून छापून आलेली कात्रणं, तारखेसकट. बँकेत किंवा यूपीआयने आलेल्या मानधनाच्या नोंदी. ‘उद्या नंदगडला जा, फोटो पाठव’ असे ग्रुपवरचे मेसेज. जाहिरातीच्या पावतीपुस्तकाची तुझ्या सहीची पानं. ग्रुपमधून तुला काढून टाकायला एक बोट पुरतं, तेव्हा गप्पा आजच एक्स्पोर्ट करून स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेव. ऑफिसच्या मेलवर नको.

लिहून ठेव

तक्रार करायची की नाही हे आज ठरवू नकोस. आज फक्त लिही. बातमी लिहितेस तसं: कोण, कुठे, किती वाजता, काय केलं, काय बोलला, कोण बघत होतं, नंतर तू कुणाला सांगितलंस. तो कन्नडमध्ये बोलला असेल तर ते कन्नड शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिही, खाली मराठी अर्थ. हिंदीत बोलला तर हिंदी. सीमाभागात माणूस एका वाक्यात तीन भाषा बोलतो आणि शिवी बहुधा तिसरीत असते. ते तू मराठीत ‘सुधारून’ लिहिलंस तर उलटतपासणीत तोच म्हणेल, मी असं बोललोच नाही.

लिहिलेलं वहीत ठेव आणि त्याचा फोटो त्याच दिवशी स्वतःला मेल कर, म्हणजे तारीख पक्की होते. मेसेज आले असतील तर एकही पुसायचा नाही, तुझी उत्तरंही नाही. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं सेव्ह केलेलं नाव नको, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. आपोआप गायब होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने फोटो काढ. आणि तो मूळ फोन विकू नकोस, बदलून घेऊ नकोस. पुढे कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ उपकरण जवळ असलेलं बरं.

साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष पाहणाराच असं नाही. तू थरथरत खाली आलीस तेव्हा ज्या फोटोग्राफरने पाणी दिलं, त्या रात्री ज्या मैत्रिणीला तू फोन केलास, तेही साक्षीदार.

तीन महिन्यांचं घड्याळ

समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. प्रकार पुन्हा पुन्हा झाला असेल तर शेवटच्या प्रकारापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण ते कारण तुला लेखी द्यावं लागेल: नोकरी जाण्याची भीती, घरचा दबाव, आजारपण. पोलिसांकडच्या गुन्ह्याची मुदत वेगळी आणि जास्त असते, म्हणून समितीची वेळ निघून गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही.

कुणाकडे जायचं

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आपला खरा गुंता पुढे आहे. बेळगावच्या कार्यालयात चार माणसं, मुख्य कार्यालय कोल्हापूरला, पुण्याला किंवा मुंबईला. अशा वेळी मी आधी मुख्य कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाला एकच ओळीचा मेल करायला सांगते: ‘आपल्या संस्थेच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे व संपर्क कळवावा.’ कारण लिहायचं नाही. आठवड्यात नावं आली तर तक्रार तिकडे. नाहीच आली, किंवा संस्थाच दहा माणसांच्या आतली आहे, किंवा त्रास देणारा स्वतः मालक आहे, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. केबल वाहिनी आणि यूट्यूब चॅनेलच्या मुलींना बहुतेक वेळा हीच वाट आहे, कारण तिथे मालक, संपादक आणि कॅमेरामन एकच असतो.

स्थानिक समिती जिल्हा पातळीवर असते. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात कर. तालुक्याला नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते, म्हणजे अथणीच्या मुलीने बेळगावला खेपा घालायची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना या नेमणुका मुदतीत करायला बजावलंय, त्यामुळे ‘आमच्याकडे अशी काही समितीच नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नकोस. ‘तसं लेखी द्या’ म्हण. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार टाकता येते, ती संबंधित समितीकडे जाते.

तक्रारीचा कागद

आपण गुन्ह्याच्या बातम्या लिहून लिहून काही शब्द अंगवळणी पाडून घेतलेत: ‘विनयभंग’, ‘छेडछाड’, ‘अश्लील चाळे’, ‘गैरवर्तन’. तक्रारीत हे शब्द काही कामाचे नाहीत. त्यातून काय झालं ते कळतच नाही.

‘सरांनी माझ्याशी वारंवार गैरवर्तन केले’ असं लिहू नकोस. असं लिही: ‘१४ तारखेला संध्याकाळी ७.४०च्या सुमारास मी ब्युरोत संगणकावर बातमी टाइप करत होते. श्री. अमुक माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी उजवा हात माझ्या कमरेवर ठेवला. मी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, “एवढं काय लाजतेस, अधिवेशनाची ड्यूटी पाहिजे ना?” त्या वेळी खोलीत दुसरे कोणी नव्हते. ७.५५ला मी खाली जाऊन श्रीमती तमुक यांना हे सांगितले.’ लिहिताना अंगावर काटा येतो, मला माहीत आहे. मैत्रिणीला शेजारी बसव, मधे थांब, पाणी पी, पण अवयवाचं नाव लिही.

एक प्रकार झाला की नवा परिच्छेद, तारखेच्या क्रमाने. शेवटी साक्षीदारांची नावं-पत्ते आणि जोडलेल्या कागदांची यादी. प्रती सहा लागतात. त्यातली एक त्याला जाणार आहे हे लक्षात ठेवून लिही: तुझ्या घरचा पत्ता, साक्षीदाराचा नंबर त्याच्या हाती पडला तर काय, याचा आधी विचार कर आणि समितीशी बोल. लिहिणं जमतच नसेल तर तक्रार लेखी करायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

भाषा. मराठीत लिही. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कुठल्याही व्यक्तीला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देता येतं. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे कलम पाठ असतं. मराठी परिपत्रकांसाठी ते आपण हजारदा वापरलंय, आता स्वतःसाठी वापर. मात्र मी व्यवहारही सांगते: वर अर्ध्या पानाचा कन्नड सारांश जोड. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी येत नसेल तर तुझा कागद भाषांतराच्या नावाखाली पडून राहील, आणि तुझे दिवस जातील. तसंच पत्त्यावर काय लिहायचं, बेळगाव की बेळगावी, यावर तिथल्या टेबलावर वाद घालू नकोस. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४पासूनचं नाव आहे, ते लिहून मोकळी हो. ती लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील.

समितीपुढे

तक्रारीची प्रत सात दिवसांत त्याला जाते, दहा दिवसांत त्याचं उत्तर. कामकाजाचे दिवस. त्याच्या उत्तराची प्रत माग. वकील दोघांनाही आणता येत नाही. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यापुढच्या दहा दिवसांत, आणि मालकाने शिफारशींवर ६० दिवसांत कारवाई करायची. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील.

या काळात तू काय मागू शकतेस हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. त्याची किंवा तुझी बदली. तुझ्या नेहमीच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजा. आणि आपल्या धंद्यात सगळ्यात मोलाचं म्हणजे, तुझ्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये, ते दुसऱ्याकडे द्यावं. हे लेखी माग. कारण सूड असाच उगवतो. नोकरीवरून काढत नाहीत. अचानक महापालिकेची बीट काढून घेतात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पान देतात. बातमी पाठवलीस तरी लागत नाही. जाहिरातीचं टार्गेट दुप्पट होतं. त्याचीही तारीखवार नोंद ठेव आणि समितीला दे.

‘मिटवून टाका’ हे ऐकायला मिळेलच, बहुधा एखाद्या मान्यवराच्या तोंडून, घरी वडिलांसमोर. समेट फक्त तू मागितलास तरच होतो आणि पैसे देऊन-घेऊन करता येत नाही. तुला नको असेल तर ‘मला समेट नको’ असं कागदावर दे. खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, तिची भीतीही घालतील. पण नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

आणि तक्रारीचा तपशील स्टेटसला टाकू नकोस. समितीच्या कामकाजाची गुप्तता कायद्याने राखायची असते. बाई आपलं गाऱ्हाणं अनेक वर्षांनीही आपल्याला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडू शकते, असं दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ला पत्रकार प्रिया रमाणी यांना एम. जे. अकबर यांच्या बदनामीच्या खटल्यातून निर्दोष सोडताना म्हटलं होतं. तो निकाल मी जपून ठेवलाय. पण त्याआधी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. जाहीर बोलायचं तर आधी वकिलाशी बोल.

तो बाहेरचा असेल तर, आणि पोलीस

आपल्याला त्रास देणारा कित्येकदा ऑफिसचा नसतोच. पुढारी असतो, ठेकेदार, साहेब, किंवा दुसऱ्या पेपरचा ज्येष्ठ बातमीदार. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की तो दुसऱ्या कार्यालयातला असला तरी तुझ्या कार्यालयाची समिती तुझी तक्रार ऐकू शकते. शिवाय तुला पोलिसांत जायचं असेल तर मालकाने मदत करायची, हे त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. ‘तो आपला मोठा जाहिरातदार आहे’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

१ जुलै २०२४पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते: लैंगिक छळ कलम ७५, लज्जा भंग करण्याच्या हेतूने हल्ला ७४, पाठलाग ७८ (नको म्हटल्यावरही सतत फोन-मेसेज करणं यात येतं), शब्द-हावभावाने अपमान ७९. घटना चंदगडला किंवा गडहिंग्लजला घडली, म्हणजे महाराष्ट्रात, आणि तू राहतेस बेळगावात, तर ‘ती आमची हद्द नाही’ म्हणून पोलीस तुला परत पाठवू शकत नाहीत. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवावा लागतो. या सीमेने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या अडवलंय, निदान इथे तरी ती आडवी येत नाही.

या गुन्ह्यांत तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जाईल. सहीपूर्वी तो वाचून दाखवायला सांग, कन्नड नीट वाचणारं विश्वासाचं माणूस बरोबर ने, आणि तुझं वाक्य बदललं असेल तर दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नकोस. प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलंच नाही तर तक्रार स्पीड पोस्टने वर पाठव: शहरातलं ठाणं असेल तर पोलीस आयुक्तालयाला, खानापूर-निपाणीसारखं असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. वकिलाच्या फीची चिंता असेल तर महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती, फोन १५१००. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.

फोटो बदलून फिरवले, नंबर कुठल्या ग्रुपवर टाकला, दोन्ही भाषांत शिव्यांचा पाऊस पाडला, तर आधी लिंकसकट स्क्रीनशॉट, मग प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं. क्रम हाच ठेव. रिपोर्टनंतर पोस्ट उडते, आणि तिच्याबरोबर पुरावाही.

पोच

कागद कुठेही दे, तुझ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

मागे एका तालुक्याच्या मुलीबरोबर मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. टेबलावरचा माणूस कागद न बघताच म्हणाला, “कन्नडदल्लि बरेदु तन्नी.” कन्नडमध्ये लिहून आणा. तिने सारांशाचं पान वर काढून ठेवलं आणि कलम ३५० असं शांतपणे कन्नडमध्येच सांगितलं. त्याने सारांश वाचला. मधे एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून शिक्का मारला. ती म्हणाली, “वेळ पण घाला की.” त्याने ४.१० लिहिलं.

बाहेर जिन्यात तिने पोचेचा फोटो काढला, स्वतःला मेल केला, पिशवीतली पाच पानं पुन्हा मोजली. मग घड्याळ बघून म्हणाली, “ताई, पाचला पत्रकार परिषद आहे. रिक्षा बघूया?”